लाइफ जॅकेट: सूचना मिळाली, पण कळली का? (अनुभव धागा)

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीचा अपघात झाला. त्यानंतर धक्क्यांवर जॅकेट हातात पडू लागलं, पण ते घालायचं कसं हे धड कोण सांगतं? तुम्हाला मिळालेली सूचना कामाची होती की नुसती म्हणायला, ते लिहा. सुरुवात मीच करते.

तारकर्लीला लेकीला जॅकेट घातलं, बक्कल लावलं, छान दिसलं म्हणून फोटोही काढला. नावाडीकाका म्हणाले, "बाय, हात वर कर." तिने केले, तसं त्यांनी खांद्यावरून जॅकेट वर ओढलं. ते सरळ कानापर्यंत गेलं! "ह्या जॅकीट वर रवतला, चेडू खाली जातला." म्हणजे जॅकेट वर राहील, पोर खाली जाईल. मग लहान मापाचं शोधून दिलं, खालचा पट्टा आधी आवळला, पुन्हा ओढून पाहिलं. सूचनांच्या फलकावर आठ ओळी होत्या. ही ओढून बघण्याची गोष्ट त्यात नव्हती.

*

मी जहाजावर असतो. आमच्या जॅकेटांचा आंतरराष्ट्रीय नियम असा की ज्यांनी ते कधी पाहिलेलंही नाही अशांपैकी निदान ७५ टक्के लोकांना ते कुणी न शिकवता एका मिनिटात नीट घालता आलं पाहिजे. म्हणजे परीक्षा जॅकेटची, माणसाची नव्हे. तरी महिन्याच्या ड्रिलला नवी पोरं सूचनेची चित्रं पाहून अडकतातच. पट्टा एका चित्रात पाठीमागे जातो, पुढच्यात एकदम पोटावर उगवतो. मधलं चित्र काढायला कागद पुरला नसावा.

*

विमानात सांगतात, 'जॅकेट आत फुगवू नका.' का ते सांगत नाहीत. १९९६ मध्ये अपहरण झालेलं इथिओपियन विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. अनेकांनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी शिरलं तशी ती माणसं छताकडे उचलली गेली, बुडी मारून दाराकडे येता येईना. हे वाचल्यापासून ती सूचना विसरलेलो नाही. 'का' एवढं एक वाक्य वाढवायला काय हरकत आहे?

*

आमचा अनुभव दोन ओळींचा. जंजिऱ्याला जाताना माझ्या जॅकेटचं बक्कलच तुटलेलं. विचारलं, तर उत्तर आलं, "धरून बसा."