वकिलाशिवाय एलपीए : 'जिवाशी खेळ' म्हणणाऱ्यांना उत्तर

हॅरोकर
काल इथे एकांनी लिहिलं, "सॉलिसिटरशिवाय एलपीए करणं म्हणजे म्हाताऱ्या आईबापांच्या जिवाशी खेळ." वाचून डोकं फिरलं. एलपीए म्हणजे लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी : पुढे आपली बुद्धी चालेनाशी झाली तरी आपल्या वतीने ठरवायचा हक्क विश्वासातल्या माणसांना, म्हणजे 'अटर्नीं'ना, देणारा इथला कागद. बाबांचे दोन्ही एलपीए, पैशांचा आणि तब्येतीचा, मी घरीच केले. फी एकाला ९२ पौंड, उत्पन्न वर्षाला १२ हजारांच्या आत असेल तर अर्धी. सॉलिसिटरने ती फी सोडून ८०० सांगितले होते. कशाचे? फॉर्म सरकारी साइटवर भरून होतो. आधी बाबांची सही, मग सर्टिफिकेट प्रोव्हायडरची, म्हणजे बाबा समजून-उमजून, दबावाशिवाय सही करताहेत असा दाखला देणाऱ्याची, शेवटी अटर्नी म्हणून आम्हा भावंडांची. दाखला शेजारच्या बाईंनी दिला, त्या बाबांना नऊ वर्षं ओळखतात. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, दार लावलं आणि बाबांना सरळ विचारलं, "मुलं मागे लागली म्हणून सही करताय का?" अर्धा तास बोलत होत्या. याहून वेगळं वकील काय विचारतो?

लेस्टरची_माई
आम्हीही बाबांचा घरीच केला होता. अटर्नी आई आणि मी. आई म्हणाली, दोघींनी मिळूनच ठरवायचं, म्हणून 'जॉइंटली'वर (सगळं एकत्रच) खूण केली. बदली अटर्नी नेमला नाही. आई गेली आणि त्याच दिवशी तो कागदही मेला. बाबा तोवर मला त्यांची धाकटी बहीण समजायला लागले होते, नवी सही कुठून आणणार? कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे जाऊन डेप्युटी, म्हणजे कोर्टाने नेमलेली त्यांची कारभारीण, झाले. आता दरवर्षी हिशेब द्या, ३२० पौंड देखरेखीचे भरा, वर हमीच्या बॉण्डचा हप्ता. कुणीतरी जाणत्याने "त्याऐवजी 'जॉइंटली अँड सेव्हरली', म्हणजे एकत्र किंवा एकेकटीने, करा" एवढं म्हटलं असतं तर!

हॅरोकर
वाईट वाटलं माई. पण ते त्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं हो. वाचायला हवं होतं.

लेस्टरची_माई
वाचलं होतं! आईच्या केमोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये बसून वाचलं होतं. तुमच्या घरी सगळे धडधाकट होते, म्हणून शिकवताय.

ग्लासगोवाला
दोघंही इंग्लंड-वेल्सपुरतं बोलताय. इकडे स्कॉटलंडमध्ये कायदाच निराळा. शेजारीणबाई चालत नाहीत, सर्टिफिकेटवर सॉलिसिटर, अॅडव्होकेट किंवा डॉक्टरचीच सही लागते. दर वेळी 'यूके' म्हणून सगळं एकाच माळेत ओवता, आमची माणसं चुकीचे फॉर्म भरतात.

कोथरूड_ते_रेडिंग
इथलं राहू द्या, तिकडच्या, भारतातल्या फ्लॅटचं काय? माझ्याकडे आईचं रजिस्टर्ड कुलमुखत्यारपत्र आहे, त्यावर निर्धास्त आहे. एलपीएची भानगडच नको.

विदर्भकन्या
निर्धास्त राहू नका! १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ बघा. देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद करतो, नेमका त्याच दिवशी तो निकामी. माझ्या सासऱ्यांना डिमेन्शिया झाला, बँकेने मुखत्यारपत्र परत केलं. शेवटी पालक म्हणून नेमणूक मिळवायला हायकोर्टात जावं लागलं. सव्वा वर्ष. त्यांच्याच एफडीतून त्यांच्या औषधांना पैसे काढता येईनात, दिराने सोनं गहाण ठेवलं.

कोथरूड_ते_रेडिंग
माझ्या मामांचं सात वर्षं चाललंय, मामींना कंपवात आणि स्मृतिभ्रंश दोन्ही असून. उगाच घाबरवू नका.

विदर्भकन्या
बँकेत कुणी विचारलं नाही म्हणून चाललंय. ज्या दिवशी फ्लॅट विकायला जातील आणि खरेदीदाराचा वकील विचारेल, त्या दिवशी मला कळवा. आणि इथला एलपीए दाखवून तिथला फ्लॅट विकता येईल असंही समजू नका.

कोथरूड_ते_रेडिंग
मग करायचं काय? आई ८१ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात फोनवर तीन वेळा विचारलं, जेवलास का.

विदर्भकन्या
शुद्धीवर आहेत तोवर खात्यांना संयुक्त नाव लावून घ्या. फ्लॅटचं बक्षीसपत्र करायचं की नाही, ते त्यांना विचारा, तुम्ही ठरवू नका. दिवाळीपर्यंत थांबू नका.

हॅरोकर
मूळ मुद्द्यावर येतो. माई, 'जॉइंटली'चं तुमचं म्हणणं मान्य. घरात भाऊबंदकी असेल, धंदा असेल, तर वकील करा, हेही मान्य. पण दोन मुलं, एक घर, एक पेन्शन असलेल्या माणसाला ८०० पौंडांची भीती घालून कागदच न करायला लावणं, हे मला कधीच पटणार नाही.

लेस्टरची_माई
भीती मी घातली नाही, माझ्यावर आलेलं सांगितलं. तुमच्या बाबांच्या फॉर्मवर बदली अटर्नी आहे का?

हॅरोकर
नाही.

लेस्टरची_माई
मग बाबा ठणठणीत आहेत तोवर नवा करून घ्या. पुन्हा एकेकाला ९२ भरा, पण करा.