मदत हवी आहे: बाळाच्या हार्ट ऑपरेशननंतरच्या रक्ततपासण्या

भाचा पाच महिन्यांचा, वजन साडेपाच किलो. हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे. आम्ही देवगडचे, ऑपरेशन मुंबईत, पुढच्या आठवड्यात. नंतर रक्तातलं लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की वाढतं ते) वरचेवर बघणार, असं सर्जननी सांगितलंय. बायपासनंतर (म्हणजे ऑपरेशनवेळी हृदय-फुफ्फुसांचं काम मशीनवर चालवल्यावर) सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला घटक, इन्फेक्शन नसतानाही चढतो, हेही कळलं. घोडं अडलंय किडनीपाशी. किडनीला इजा झाली तर क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) चढायला एक-दोन दिवस जातात, एनजीएएल (किडनीला इजा झाली की वाढणारं प्रथिन) काही तासांतच वाढतं. इथल्या लॅबवाल्याने त्याचं नावही ऐकलेलं नाही (त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही म्हणा). ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच सांगू नका. विचारणारच आहोत, पण ओपीडीत जेमतेम दोन मिनिटं मिळतात. लहान मुलांच्या आयसीयूत काम करणारं कुणी आहे का इथे? एनजीएएल वाढलेलं लवकर कळलं तर उपचारात नेमकं काय बदलतं, की लघवीचं माप आणि क्रिएटिनिनवरच भागतं?