‘इम्पेअर’ म्हणजे उणे होणे की निकामी होणे?

मूळ मांडणी:
इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘इम्पेअर’ या क्रियापदासाठी ‘निकामी करणे’ असे लिहिलेले आढळते, ते मला चुकीचे वाटते. ज्या लॅटिन शब्दापासून ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले, त्याचा अर्थ ‘अधिक वाईट’ एवढाच आहे. म्हणजे क्षमता उणावली, संपली नव्हे. कॅनडात नशेत वाहन चालवण्याच्या गुन्ह्याला ‘इम्पेअर्ड ड्रायव्हिंग’ म्हणतात. तेथील स्टेलाटो खटल्यात ओंटारिओच्या अपील न्यायालयाने १९९३ मध्ये दिलेला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेला निकाल असा आहे की, चालकाची क्षमता किंचित घटलेली असो वा पुष्कळ, ती घटल्याचे निःसंशय सिद्ध झाले तर गुन्हा शाबीत होतो. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ अमली पदार्थांबाबत मात्र वाहनावर योग्य नियंत्रण ठेवता न येण्याइतकी अवस्था अपेक्षिते. ‘निकामी’ हा शब्द फार तर या दुसऱ्या अवस्थेजवळ जातो.

प्रतिसाद १:
असहमत. अमेरिकेच्या राज्यघटनेने करारांची बंधने ‘इम्पेअर’ करणारे कायदे करण्यास राज्यांना मनाई केली आहे. आपला अर्थ घेतला, तर कराराला नुसता धक्का लावणारा कायदाही रद्द व्हायला हवा. प्रत्यक्षात महामंदीत मालमत्ता गहाण ठेवलेल्या कर्जदारांना मुदत वाढवून देणारा मिनेसोटा राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३४ मध्ये वैध ठरवला, आणि पुढे तर कराराची हानी भरीव आहे का, हाच प्रश्न न्यायालये आधी विचारू लागली. मूळ कलमात ‘भरीव’ हा शब्द नाही. तो क्रियापदातच वाचला गेला.

प्रतिसाद २:
किती घट झाली यावर आपण दोघे वाद घालत आहात, पण घट कशाच्या तुलनेत, हे कोणीच विचारत नाही. जन्मतः बहिऱ्या व्यक्तीचे काय उणावले? म्हणूनच अनेक बहिऱ्या व्यक्तींना ‘हिअरिंग इम्पेअर्ड’ हे सभ्य समजले जाणारे विशेषण मुळीच रुचत नाही. त्यांना सरळ ‘डेफ’ म्हटलेले चालते.

मूळ लेखक:
प्रतिसाद २ मधील आक्षेप मान्य आहे, मात्र तो विशेषणापुरता आहे. प्रतिसाद १ साठी: अमेरिकेच्याच १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यात ‘इम्पेअरमेंट’ असणे पुरेसे नाही, तिने जीवनातील एखाद्या प्रमुख व्यवहारावर भरीव मर्यादाही आणावी लागते. नुसत्या शब्दात तीव्रता असती, तर ही दुसरी अट घालावीच लागली नसती. मराठीत ‘अधू’ आहेच. डोळे अधू झाले म्हणजे दिसेनासे झाले, असे कोणी समजत नाही.

प्रतिसाद १:
डोळ्यांना ‘अधू’ शोभते, हे खरे. परंतु त्याच न्यायाने मद्यधुंद चालकाला ‘अधू चालक’ म्हटले, तर वाचक त्याच्यासाठी अपंगत्वाचा दाखला शोधू लागेल.