सरपंचपदासाठी उभे राहायचे तर कृषी केंद्र बंद करावे का?

प्रश्न : दुकानदार, दारव्हा तालुका

दोन हजारांच्या आतल्या वस्तीच्या आमच्या गावात अकरा वर्षांपासून माझे कृषी केंद्र आहे. सरपंच थेट गावाने निवडायचा असल्यामुळे काही मंडळी मला उभे राहण्याचा आग्रह करीत आहेत आणि मीही मनाने जवळजवळ तयार झालो होतो. परवा मात्र पारावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सर्वांसमक्ष विचारले, "तू पंचायत पायशीन का दुकान?" सगळे हसले, मीही हसलो, पण प्रश्न काही डोक्यातून जात नाही, कारण मृगापासून पोळ्यापर्यंत मला दुकानातून मान वर काढायला फुरसत नसते आणि गावातल्या पाण्याच्या, नाल्यांच्या व साथीच्या तक्रारी नेमक्या त्याच दिवसांत येतात. शिवाय मागच्या वर्षी पंचायतीने नळयोजनेसाठी काही पाईप माझ्याच दुकानातून घेतले होते आणि त्या बिलातील थोडी रक्कम अजून येणे आहे. परवाना भावाच्या नावावर करून टाकावा, असे घरी सुचविले जात आहे.

कायद्याने दुकान बंद करावे लागते का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा कायद्यापलीकडचा आहे : सरपंचापासून खासदारापर्यंत निवडून आलेल्या माणसाने पदावर असताना दुसरा कामधंदा करणे योग्य आहे का?

उत्तर १ : निवृत्त ग्रामसेवक, वाशीम

दुकान बंद करण्याची सक्ती नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध आहे तो अपात्र ठरतो. शेती, दुकान किंवा पिठाची गिरणी चालविणे एवढ्यानेच कोणी अपात्र होत नाही. म्हणून जुने बिल अर्ज भरण्यापूर्वीच मोकळे करून घ्या आणि निवडून आलात तर पंचायतीला आपल्या दुकानातून एक पाईपही विकू नका. भावाच्या नावाची युक्ती सोडून द्या, कारण कलमातला "अप्रत्यक्ष" हा शब्द अशाच युक्त्यांसाठी आहे आणि विरोधकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की कलम १६ खाली प्रकरण चालून तुमचा वेळ तारखांवर जाईल.

वेळेच्या प्रश्नावर मात्र अनुभवाचे सांगतो. वित्त आयोगाच्या निधीतून देयक काढायचे तर सरपंच आणि सचिव या दोघांचीही डिजिटल स्वाक्षरी लागते. माझ्याकडे असलेल्या एका गावचे सरपंच दूरच्या कारखान्यात पाळीवर कामाला होते व केवळ सुटीच्या दिवशी गावी येत. त्यांच्या स्वाक्षरीचा डोंगल संगणक परिचालकाच्या टेबलाच्या खणात पडून असे आणि पासवर्डाची चिठ्ठी त्यालाच रबराने गुंडाळलेली असे. देयके वेळेवर निघत आणि लेखापरीक्षणातही काही आले नाही, पण कोणत्या देयकावर आपली सही झाली हे त्या भल्या माणसाला शेवटपर्यंत कळले नाही. मीही तेव्हा बोललो नाही, कारण माझे काम सोपे होत होते.

उत्तर २ : शेतकरी, वरूड

सरपंचाला पोट भरेल असा पगार द्यावा आणि त्याच्याकडून पूर्ण वेळ काम घ्यावे. अर्धा पगार आणि अर्धे लक्ष, ही सोय कोणाच्याच कामाची नाही.

उत्तर ३ : माजी सदस्य, राळेगाव तालुका

वरूडच्या भाऊंचे म्हणणे ऐकायला बरे वाटते, पण तो पगार येईपर्यंत काय करायचे? सप्टेंबर २०२४ मध्ये मानधन दुप्पट झाल्यावरही दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाला महिन्याला ६,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ७२,००० मिळतात. एवढ्या रकमेवर गुढीपाडव्याला सालदारही बोलणी करायला बसत नाही. पदावर असताना दुसरे काम करू नये असा नियम उद्या झाला, तर ज्याचे साठ एकर दुसरे लोक वाहतात किंवा ज्याच्या घरात आधीच ठेकेदारी आहे तोच उभा राहू शकेल. आमच्याकडे पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक जणी निंदणाला व वेचणीला जाणाऱ्या आहेत. मी स्वतः सदस्य असताना मासिक सभेच्या दिवशी माझी वेचणीची मजुरी बुडत असे. तेव्हा कामधंदा करू द्यावाच लागेल.

माझी हरकत वेगळीच आहे आणि ती दुकानदार भाऊंना लागेल, हे ठाऊक असूनही लिहिते. तुमच्या दुकानात उधारीची वही असेल. पेरणीचे बियाणे, पहिला डोस, दुसरा डोस, फवारणीचे औषध हे सर्व "कापूस निघाला की देतो" या एका वाक्यावर त्या वहीत चढते. आता ग्रामसभांच्या तारखा पाहा. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दोन्ही सभा अशा दिवसांत येतात की बहुतेक घरी सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजासुद्धा झालेली नसते, हातात पैसा नसतो आणि वहीतला आकडा वर्षातल्या सर्वांत मोठ्या रकमेवर गेलेला असतो. त्या सभेत घरकुलाची यादी वाचली जाते, सिंचन विहिरीचे लाभार्थी ठरतात, खर्चाचा हिशेब मांडला जातो. आम्ही अशाच एका सावकारी दुकानदाराच्या सरपंचपदाची पाच वर्षे काढली आहेत. ते कोणालाही दमदाटी करीत नसत, वागायला गोड होते. तरीही नळाच्या पाईपलाईनचा हिशेब मागायला माझ्या घरधन्यांनी अर्धवट वर केलेला हात मीच खाली ओढला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्याच दुकानातून युरियाच्या दोन बॅगा उधार आणायच्या होत्या. खत मिळालेही, आणि हिशेब मात्र आजतागायत कोणी मागितलेला नाही.

उत्तर ४ : वकील, पुसद

प्रश्नात खासदारांचा उल्लेख आहे म्हणून वरच्या पायरीचे थोडे लिहितो. संविधानाच्या अनुच्छेद १०२ आणि १९१ मध्ये अपात्रतेची जी कारणे आहेत त्यांत शासनाखालील लाभाचे पद आहे, खासगी धंदा नाही. २००६ मध्ये जया बच्चन यांचे राज्यसभा सदस्यत्व उत्तर प्रदेशातील चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदामुळे गेले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या वादात सोनिया गांधींनी लोकसभेचा राजीनामा दिला. दोन्ही प्रकरणांत प्रश्न सरकारने दिलेल्या पदाचा होता. खासगी व्यवसायाला मात्र मोकळीक आहे. खासदार-आमदारांना वकिली करण्यास मनाई करावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये फेटाळली, कारण ते पूर्णवेळ पगारी नोकर ठरत नाहीत. मी स्वतः वकील असल्यामुळे या निकालाबद्दलचे माझे मत फारसे निःपक्ष समजू नये. अमेरिकेत हेच गणित उलटे आहे : तिथल्या काँग्रेस सदस्यांना १९८९ च्या कायद्यानंतर वकिलीसारख्या व्यवसायाची फी घेता येत नाही.

सरकारी ठेक्यांबाबत लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९अ आहे, पण ते ठेका ज्याच्या नावावर आहे त्यालाच पकडते. भाच्याच्या नावाचा टिप्पर त्यातून आरामात निघून जातो. मला त्यातल्या त्यात उपयोगी वाटते ती राज्यसभेची पद्धत. तिथे सदस्याने संचालकपद, नियंत्रण देणारे भाग, सशुल्क सल्ला, व्यवसाय इत्यादी हितसंबंध एका नोंदवहीत लिहून द्यायचे असतात. लोकसभेत अशी नोंदवही नाही. राळेगावच्या ताईंनी जे लिहिले आहे ते मात्र यांतल्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. संचालकपद लिहून देता येते, शेजाऱ्याची उधारी कोण लिहून देणार?

प्रश्नकर्त्याचे पुन्हा

सर्वांचे आभार. जुने बिल या आठवड्यात मोकळे करतो, आणि परवाना माझ्याच नावावर राहील. ताईंचे वाचून रात्री वही काढून बसलो. गावातील निम्म्याहून अधिक घरांची खाती त्यात आहेत, आणि घरकुलासाठी अर्ज केलेल्यांपैकी बहुतेकांची आहेतच. उधारी बंद करावी म्हटले तर पीककर्ज हातात पडेपर्यंत पेरणी थांबत नाही आणि ती माणसे माझ्याकडून उठून तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे चढ्या भावाने जातील. ग्रामसेवक साहेबांना एकच विचारतो : ज्या विषयात माझा खातेदार लाभार्थी आहे तेवढ्यापुरता मी अध्यक्षस्थान उपसरपंचांकडे देऊन बाजूला बसलो आणि तशी नोंद कार्यवृत्तात केली, तर चालेल का?

निवृत्त ग्रामसेवक, वाशीम

स्वतःहून बाजूला बसणाऱ्याला कोणी अडवीत नाही, आणि कारणासह नोंद करून घेणे केव्हाही चांगले. पण तुम्ही सांगता तेवढी खाती असतील, तर सभा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तुम्ही बाजूलाच बसलेले असाल. उभे राहण्याआधी उपसरपंच कोण होणार ते पाहून ठेवा, आणि त्यांचे खाते तुमच्या वहीत आहे का तेही.