तीन निकषांच्या पुढे

ईबी-१ए म्हणजे आपल्या क्षेत्रात असामान्य क्षमता असलेल्यांसाठीचा अमेरिकेच्या ग्रीन कार्डचा (कायम वास्तव्याच्या परवान्याचा) प्रकार. 'दहापैकी तीन निकष बसले की ईबी-१ए झालंच' असं बरेचदा म्हणतात, ते अर्धंच खरं. अमेरिकी अपील न्यायालयाच्या २०१० च्या कझारियन निकालापासून (अर्जदार भौतिकशास्त्रवाला होता, आणि हरला) तपासणी दोन टप्प्यांत होते. निकष मोजून झाले की सगळे पुरावे एकत्र ठेवून बघतात, हा माणूस क्षेत्रातल्या मोजक्या अव्वल लोकांत बसतो का. इतरांचे पेपर रिव्ह्यू करून एक निकष पदरात पडतो, पण या टप्प्यावर तेवढ्याने भागत नाही. आपल्या गाइडच्या पत्रापेक्षा, कधी न भेटलेल्या शास्त्रज्ञाने 'यांची पद्धत आम्ही आमच्या प्रयोगात वापरली' असं लिहिलेलं पत्र इथे जास्त वजनदार.

आणि भारतात जन्मलेल्यांसाठी मंजुरी म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे, रांग आहेच. पण जुन्या कंपनीने ईबी-२ किंवा ईबी-३ (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डचे दुसरे प्रकार) मधून आय-१४० हा अर्ज मंजूर करून घेतला असेल, तर नोकरी सोडली तरी त्याची प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) सहसा नव्या अर्जाला लावता येते. त्या मंजुरीच्या नोटिशीची प्रत नव्या अर्जाला जोडा. बरेच जण ती एचआरकडेच ठेवून येतात.