ज्युलिएटच्या बापाचा दोष किती? मंडईच्या नाटकासाठी विचारतोय

धानकरी, ब्रह्मपुरी तालुका
यंदा वडशाची नाटक कंपनी बोलवण्याइतकी वर्गणी जमली नाही, म्हणून दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, आम्ही गावचीच मंडळी ‘रोमिओ-ज्युलिएट’ बसवतोय. माझ्याकडे ज्युलिएटच्या बापाचं काम आहे. पहिल्या अंकात हा कॅप्युलेट मला फार जवळचा वाटतो. पॅरिस नावाचा सरदार पोरीला मागणी घालतो तेव्हा म्हणतो, पोरीला चौदावं अजून पुरं नाही, दोन उन्हाळे जाऊ दे, आधी तिचं मन जिंक. आणि तिसऱ्या अंकात तोच माणूस पोरीला न विचारता लग्नाचा दिवस ठरवून मोकळा होतो. ती नाही म्हणते तर ‘भीक माग, उपाशी राह, रस्त्यावर मर’ म्हणतो.

माझी पोरगी बारावीला आहे आणि तालमीत वही घेऊन प्रॉम्प्टिंग तीच करते. ती ओळ मला पाठ आहे, पण तोंडातून निघत नाही. मी थांबलो की ती खालच्या आवाजात सांगते, ‘रस्त्यावर मर.’ रोज. दिग्दर्शक म्हणतो, खलनायकासारखं कर. मला पटत नाही. त्या दोन लेकरांच्या मरणात बापाचा वाटा किती धरायचा?

निवृत्त मास्तर, नागभीड
भाऊ, रागापेक्षा त्याची घाई बघा. सोमवारी तो स्वतःच म्हणतो, बुधवार फार लवकर होईल, गुरुवार धरू. मग ज्युलिएट खोटीखोटी माफी मागते तेव्हा त्याला इतका आनंद होतो की लग्न बुधवारवरच आणतो. लग्न टाळायला साधूने दिलेलं, मेल्यासारखं निजवणारं औषध तिला एक रात्र आधी घ्यावं लागतं. त्याचा अंमल बेचाळीस तासांचा. हा बेत कळवायला हद्दपार रोमिओकडे चिठ्ठी घेऊन निघालेला दुसरा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. एक दिवस हाताशी असता तर दुसरा माणूस पाठवता आला असता. हा दिवस बापाने खाल्ला, तोही खुशीत. खलनायक करू नका.

सातऱ्यावरची (मिरची खुडायच्या)
दादा, सगळे बापाचंच बोलतात, आईचं कोणी बोलत नाही. ज्युलिएट आईला विनवते, महिनाभर, नाहीतर आठवडाभर तरी लग्न लांबव. आई म्हणते, माझ्याशी बोलू नको, तुला करायचं ते कर. मग जिने अंगावर पाजलं ती दाईसुद्धा म्हणते, पॅरिसशीच लग्न कर.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी आईला एवढंच म्हटलं होतं, बारावीची परीक्षा होऊ दे. ती सुपातले तांदूळ निवडत राहिली. मान वर केली नाही. सासर चांगलं मिळालं, कोणावर राग नाही, पण मिरचीचे देठ खुडताना ते सूप अजून डोळ्यापुढे येते. आईचं काम करणाऱ्या बाईला सांगा, आवाज चढवू नको, नुसती उठून जा.

बी.ए. दुसरं वर्ष
फक्त ज्युलिएटच्याच घरावर का? वैर दोन्ही घरांचं आहे, आणि ते कशावरून पडलं हे नाटकात कुठेच नाही. चाकरसुद्धा त्यापायी रस्त्यात भांडतात. मुलं मेल्यावर दोघं बाप एकमेकांच्या लेकराचा सोन्याचा पुतळा करायचं कबूल करतात. रोमिओची आई तर त्याआधीच, मुलाला हद्दपार केल्याच्या दुःखाने गेलेली असते.

धानकरी
गुरुजी, ताई, तुमचं दोघांचंही काल तालमीत घेतलं. आई न बोलता उठून गेली आणि शाळेचा व्हरांडा एकदम चूप झाला. मी ओळ ओरडून नाही, भ्यालेल्या माणसासारखी म्हटली, घरात नुकताच भाचा मेला आहे असं धरून. पूर्ण निघाली. पोरीला सांगावी लागली नाही.

घरी येताना ती चार पावलं मागे चालत होती. एरवी बरोबरीने चालते. बोरवेलपाशी मी थांबलो. ती जवळ आली, वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “बाबा, उद्यापासून वही दुसऱ्या कोणाले द्या न.”

उद्या सातला तालीम आहे. वही अजून माझ्याजवळच आहे.