कबड्डीला पंच म्हणून नाव आलंय, जुन्या पंचांनी सांगावं

खानापूरची पीटी टीचर:
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये पीटी शिकवते. यंदा तालुका पातळीवर मुलींच्या कबड्डीला पंच म्हणून माझं नाव घातलंय. स्वतः खेळलेय, नियम पाठ आहेत. पण गेल्या वर्षी एका बोनस गुणावरून दोन गावची माणसं मैदानात उतरलेली बघितली, तेव्हापासून पोटात गोळा आहे. नोकरीभर हे काम केलेल्यांनी सांगा, दंगा कसा सांभाळायचा?

निवृत्त पीटी मास्तर, निपाणी भाग:
मॅडम, दंगा शिट्टीच्या आधी सांभाळायचा असतो, नंतर तो कुणाच्या बापाला ऐकत नाही. नोकरीला लागल्यापासून रिटायर होईपर्यंत ऑगस्ट आला की ओओडीची, म्हणजे शाळेबाहेरच्या ड्यूटीची, ऑर्डर यायची. वलय (म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा, सगळीकडं उभा राहिलोय.

सकाळी लवकर जाऊन मैदान स्वतः टेपनं मोजा. मुलींचं १२ बाय ८ मीटर, त्या आठात दोन्हीकडच्या एकेक मीटरच्या लॉब्या, म्हणजे कडेच्या पट्ट्या, आल्या. पाऊस उसंत देत नाही, तांबड्या मातीत फक्की बघता बघता वाहून जाते. सगळ्यात आधी पुसते ती लॉबीची रेषा, कारण कोपऱ्यातल्या मुली तिथंच पाय घासत असतात. रेडर आणि बचाववालीचा स्पर्श व्हायच्या आधी लॉबीत जिचा पाय पडला ती बाद, स्पर्श झाला की तीच जागा खेळाची. रेषाच दिसेना तर निर्णय कशावर देणार? मध्यंतरात परत मारून घ्या. आयोजक घाई करतील, करू देत.

बोनसचं म्हणाल तर समोर सहा किंवा सात जणी असतील तरच तो मिळतो, हे पोरींनाही ठाऊक असतं. भांडण लागतं ते मागच्या पायावरून. रेडरचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडं टेकला तेव्हा मागचा हवेत होता का, एवढंच बघायचं. त्यासाठी बोनस रेषेच्या सरळीत यावं लागतं, मध्यरेषेजवळ थांबून ते दिसत नाही. चढाई आत गेली की तुम्हीही बाजूनं सरका.

आणि आपल्या भागातली गोष्ट. मराठी शाळा विरुद्ध कन्नड शाळा लागली की पंच कुठल्या शाळेचा, हे आधी विचारतात. मी दोन्ही कॅप्टनना बोलावून बोनस आणि लॉबीचा नियम त्यांच्या त्यांच्या भाषेत सांगायचो. तेवढं कन्नड पाठ करा. पुढं शिट्टी आणि बोटं, तोंड बंद. एक निर्णय इकडं गेला म्हणून पुढचा तिकडं द्यायचा, असलं कधी करू नका. लोकांना ते लगेच कळतं आणि मग तुमचा खरा निर्णयही कुणी मानत नाही.

माजी खेळाडू, बेळगाव:
सर बोलले ते शंभर टक्के खरं. आमच्या वेळचे एक पंच सामन्याआधी प्रत्येकीची नखं बघायचे. आमच्या रेडरची वाढलेली होती, तर खिशातनं नेलकटर काढून दिलं आणि ती कापेपर्यंत नाणेफेक केली नाही. आमचे सर चिडले होते, पण त्या सामन्यात कुणाला ओरखडा आला नाही.

खानापूरची पीटी टीचर:
खूप आभार सर. पावसात, लोकांच्या आरड्याओरड्यात रेडरचा दम, म्हणजे ‘कबड्डी कबड्डी’, ऐकू येत नाही, तेव्हा?

निवृत्त पीटी मास्तर, निपाणी भाग:
लोकांना मैदानापासून लांब दोरीमागं घाला, हे सामना सुरू व्हायच्या आधी. दम स्पष्ट ऐकू यायला पाहिजे, हे कॅप्टनना सांगून ठेवा. नुसते ओठ हलत असतील तर परत बोलवा, मग ती कितीही मोठी खेळाडू असो.